ऑटोमनवर पाय कोणी ठेवायचे

विरारच्या फुलपाड्यातल्या पुष्पदीप सोसायटीत चारशे तीन नंबरला राहणारे चंद्रहास तळेकर हे कुठल्याही विषयावर ठाम मत असलेले गृहस्थ. मत चुकलं तरी ठामपणात फरक पडत नसे. तेहेतीस वर्षं विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांवर शेरे मारण्यात गेल्यामुळे ‘दावा अमान्य’ हे दोन शब्द ते डोळे मिटूनही सुवाच्य लिहू शकत. असा हा करारी माणूस, पण स्वतःच्याच घरात त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि सगळं रामायण त्यातून झालं.

उभे राहिले की टेकत, त्याबद्दल तक्रार नव्हती. तळेकरांची उंची पाच फूट एक इंच. प्रश्न बसल्यावर येई. त्यांच्या मुलीने, अनुष्काने, दिवाळीला नवा सोफा घेतला होता. अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीत कामाला असल्यामुळे तिला घर कसं दिसावं याची काळजी होती, घरात कसं बसावं याची नव्हती. सोफा इतका खोल होता की तळेकर पाठ टेकून बसले की त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर तरंगत. पाय टेकवायचे तर पुढे सरकून कडेवर बसावं लागे आणि मग ते घराचे मालक न वाटता भाड्याने खोली विचारायला आलेले वाटत.

यात नुसत्या पायांचा प्रश्न नव्हता. त्यामागे एकतीस वर्षांपूर्वीचा निर्मळ गावातला एक रविवार होता. तळेकर मुलगी बघायला गेले होते. वीस-पंचवीस माणसांसमोर त्यांना ओटीवरच्या उंच बाकावर बसवलं आणि पाय लोंबकळायला लागले. होणारे सासरे दयाराम, केळी-फुलांच्या वाडीचे मालक, उंचेपुरे, आवाज वाडीच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. त्यांनी पाहुण्यांकडे एकदा पाहिलं आणि आत हाक मारली, “अगं, जावयांच्या पायाखाली काहीतरी द्या.” आतून केळ्यांची रिकामी पाटी आली, उपडी झाली आणि तळेकरांच्या पायाखाली गेली. लग्न जमलं ते त्याच क्षणी, कारण ‘जावई’ हा शब्द तोंडातून गेला होता. पण तेव्हापासून निर्मळच्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि साखरपुड्यात हा किस्सा सांगितला जाई, आणि तळेकर प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत. आतून मात्र त्यांना ते लागत असे. एकदा तरी दयारामांनी आपल्या घरी यावं आणि आपल्याला पाय नीट टेकवून रुबाबात बसलेलं पाहावं, एवढी एकच इच्छा त्यांनी कोणाला न सांगता एकतीस वर्षं बाळगली होती.

त्यात डॉक्टरांनी साथ दिली. तळेकरांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या. “रोज पाऊण तास पाय वर ठेवून बसा,” असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. लेखी आदेश मिळाल्यावर तळेकरांना बळ आलं. त्यांनी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली.

“बाबा, मग आपण ऑटोमन घेऊ या,” अनुष्का म्हणाली.

ऑटोमन म्हणजे काय, यावर सोसायटीत दोन दिवस चर्चा झाली. समोरच्या चारशे चारमधल्या ग्लोरियाबाई डिमेलो, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, “आमच्या जेसिकाकडे दोहाला आहे. चांगला आहे. त्यावर त्यांचा कुत्रा बसतो.” सोसायटीचे सेक्रेटरी विपुलभाई म्हणाले, “काका, दरवाजाजवळ ठेवा. बूट घालायला एकदम बेस्ट.” तळमजल्याच्या यमुनामावशी, ज्यांच्या सल्ल्याशिवाय इमारतीत साधी हळदीकुंकवाची तारीखही ठरत नसे, त्यांनी मोबाइलवर चित्र पाहून निकाल दिला की हे गादी लावलेलं स्टूल आहे आणि गौरी बसवायला सोयीचं पडेल. अनुष्काने तर ऑटोमन वापरण्याच्या पद्धतींची यादीच वाचून दाखवली. वर ट्रे ठेवून टेबल करावं. पलंगाच्या पायथ्याशी ठेवावा. खिडकीशी ठेवून पुस्तक वाचावं. पाहुणे आले की जादा बैठक. पाचव्या क्रमांकावर होतं, पाय ठेवण्यासाठी. आपला उपयोग पाचवा आला हे तळेकरांनी मनात नोंदवलं.

ऑटोमन मंगळवारी अकरा वाजता आला. आणणाऱ्याने ओटीपी मागितला. ओटीपी अनुष्काच्या मोबाइलवर गेला होता, अनुष्का मीटिंगमध्ये होती आणि मोबाइल गप्प होता. ओटीपीशिवाय वस्तू हातात देता येणार नाही, असं तो माणूस म्हणाला. तळेकरांना ही शिस्त आवडली, कारण आयुष्यभर त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं. शेवटी गेटवर, वॉचमनच्या साक्षीने, वस्तू सोसायटीत आहे पण तळेकरांकडे नाही अशा स्थितीत ठेवायची असं ठरलं. अनुष्काचा फोन दोन वाजता आला. तोवर वॉचमनने वेष्टन थोडं बाजूला करून तीन तास त्यावर बैठक मारली होती. रजिस्टरमध्ये नोंद झाली, ‘चारशे तीन, पिवळी पेटी, नग एक’. तळेकरांच्या ऑटोमनवर पहिला बसला तो वॉचमन, आणि तो म्हणाला की बसायला ठीक आहे, पण पाठ टेकायला काही नाही.

मोहरीच्या फुलासारखा पिवळा, चौकोनी, गुडघ्याएवढा उंच, जाडजूड गादीचा. तळेकर सोफ्यावर मागे टेकून बसले आणि त्यांनी दोन्ही पाय वर ठेवले. डोळे मिटले. त्या वेळी त्यांना जे वाटलं ते निवृत्तीच्या समारंभात शाल अंगावर पडल्यावरही वाटलं नव्हतं. हे सुख सात मिनिटं टिकलं.

“बाबा, पाय खाली घ्या, स्टायलिंग करायचंय,” अनुष्का म्हणाली.

स्टायलिंग म्हणजे ऑटोमनवर एक लाकडी ट्रे, तोही मधोमध नाही, किंचित बाजूला. ट्रेमध्ये वस्तू तीनच, कारण विषम संख्या डोळ्याला बरी वाटते. न पेटवायची मेणबत्ती, न वाचायचं इंग्रजी पुस्तक आणि पाणी न लागणारं झाड. कोपऱ्यावरून एक चादर सहज टाकल्यासारखी दिसायला हवी होती, आणि ती सहज पडायला वीस मिनिटं लागली. फोटो निघाले, लोकांना आवडले. तळेकर कडेवर बसून पाहत राहिले. त्यांनी फ्रिजवरच्या चिठ्ठीकडे बोट केलं तेव्हा अनुष्का म्हणाली, “हो बाबा, संध्याकाळी आठपासून पाऊण तास तुमचा.” हा करार तळेकरांनी मान्य केला. करार दोनच दिवस पाळला गेला, कारण तिसऱ्या दिवशी ऑटोमनचं झाकण उघडतं हा शोध त्यांच्या पत्नीला लागला.

चादर झटकताना जयवंतीबाईंचा झाकणाला हात लागला आणि ते वर आलं. आत मोकळी जागा होती, कोरडी, काळोखी, चारी बाजूंनी गादी. कोणाही गृहिणीने तिथे जुन्या साड्या ठेवल्या असत्या. पण जयवंतीबाई निर्मळच्या वाडीवरच्या होत्या. त्यांनी आत हात घालून पाहिला, झाकण बंद करून पाहिलं, पुन्हा उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या, “यात केळी पिकतील.”

याला कारण होतं. दर पंधरवड्याला त्यांचा भाऊ कुशल स्कूटरच्या पुढ्यात वेलची केळ्यांचा कच्चा घड घेऊन रेल्वेचा पूल ओलांडून फुलपाड्याला येई. वाडीवर केळी पिकवायला स्वतंत्र खोली होती, पेंढा होता, धूर होता. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काय करणार? पोत्यात ठेवली तर निम्मी काळी पडत, निम्मी हिरवी राहत. पलंगाच्या कप्प्यात ठेवली तर मुंग्या. गेली कित्येक वर्षं जयवंतीबाईंना माहेरची केळी माहेरसारखी खाता आली नव्हती आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

त्यांनी फण्या मोकळ्या केल्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आत रचल्या आणि झाकण लावलं. “तीन दिवस हवा लागू द्यायची नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे मी पाय ठेवायचे की नाही?”

“पाय ठेवायला काय, झाकण दाबलेलंच राहील. पण अहो, खाली केळी आहेत. खायच्या वस्तूवर पाय ठेवणार?”

तळेकरांनी पाय खाली घेतले.

चौथ्या दिवशी झाकण उघडलं आणि घरभर निर्मळ पसरलं. एकही डाग नाही, सगळी केळी सारखी पिवळी, देठ अजून घट्ट, साल बोटाने सुटणारी. जयवंतीबाईंनी एक केळं सोलून खाल्लं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तळेकरांनी ते पाहिलं आणि ऑटोमनवरचा हक्क आपण निम्मा गमावला हे ओळखलं.

उरलेला निम्मा वासाने घालवला. ग्लोरियाबाई दारात आल्या. “जयवंती, कसला गं वास? माझ्या भावाच्या वाडीत अशी पिकायची.” त्यांना एक फणी मिळाली. दुसऱ्या दिवशी त्या अर्धा घड घेऊन आल्या, भावाने पाठवलेला, हिरवागार. “तुझ्याकडे जागा आहे ना?” मग तिसऱ्या मजल्यावरच्या हेमाली आल्या, मग दोनशे एकवाले. फ्रिजवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशेजारी दुसरा कागद लागला, कोणाची केळी कधी आत जाणार आणि कधी बाहेर येणार याचा. काही दिवसांनी त्या कागदाने चिठ्ठी झाकली. तळेकर कडेवर बसून लोकांना झाकण उघडून देत. कुणाला वाटेल त्यांचा अपमान झाला. पण तळेकरांनी हळूहळू यातही अधिकार शोधला. घड हातात घेऊन ते म्हणत, “हा उद्या टाका. अजून कोवळा आहे.” केळ्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं, हे निर्मळला सगळ्यांना माहीत होतं, पण फुलपाड्यात कोणाला माहीत नव्हतं.

एवढं नीट चाललेलं असताना सेक्रेटरी गप्प बसणं शक्य नव्हतं. विपुलभाईंनी नोटीस दिली. ‘सदनिका क्रमांक ४०३ मधून पिकलेल्या फळांचा वास जिन्यात येत असून, सदर सदनिकेत रहिवासी वापराखेरीज अन्य वापर होत असल्याचे कमिटीच्या निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.’ तळेकरांनी नोटीस दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी कोणीतरी त्यांना लेखी उत्तर द्यायची संधी दिली होती. त्यांनी बसल्या बैठकीला दोन पानी खुलासा लिहिला. एक, वास हा माणसाच्या ताब्यातला विषय नसून फळाच्या स्वभावाचा आहे. दोन, पिकवणे हा वापर नसून केळे आपणहून पिकते, रहिवासी फक्त झाकण लावतो. तीन, तिसऱ्या मजल्यावर रोज संध्याकाळी लसणाची फोडणी दिली जाते, तिच्या वासाबद्दल नोटीस गेल्याचे आढळत नाही. तिसऱ्या मजल्यावर विपुलभाई राहत, आणि केळी घेऊन आलेल्या हेमाली या त्यांच्याच पत्नी होत्या. खुलासा मिळाल्यावर विपुलभाई स्वतः वर आले.

“काका, नोटीस विसरा,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी सोसायटीची सत्यनारायण पूजा आहे. प्रसादाच्या शिऱ्याला आणि नैवेद्याला पिकलेली केळी पाहिजेत. बाजारात सगळी पावडर मारलेली. हेमाली बोलली, तुमच्या बॉक्सची एकदम नॅचरल.”

तळेकरांनी लगेच होकार दिला नाही. आधी विनंती लेखी द्या म्हणाले. कमिटीने ठराव केला, ‘चारशे तीनमधील ऑटोमन पूजेच्या केळ्यांसाठी राखून ठेवण्यात यावा’, आणि तळेकरांनी त्या ठरावाची प्रत घेतली. इथवर ते जिंकत होते.

मग यमुनामावशी तपासणीला आल्या. त्यांनी ऑटोमनभोवती एक फेरी मारली, झाकण उघडलं, नाक आत घातलं, समाधान झालं. मग सरळ तळेकरांकडे पाहिलं. “चंद्रहास, खरं सांग. यावर पाय ठेवतोस?”

विमा कंपनीत लोकांनी खोटं बोललेलं तळेकरांना लगेच कळे. स्वतः खोटं बोलायची सवय मात्र नव्हती. “आता नाही ठेवत,” ते म्हणाले.

“आता म्हणजे?”

“सात मिनिटं ठेवले होते. आणि मग दोन संध्याकाळी पाऊण तास.”

मावशींनी कपाळाला हात लावला. सत्यनारायणाच्या प्रसादाची केळी पायाखालच्या पेटीत? गोमूत्र शिंपडलं गेलं. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं. पिवळ्या रंगावर हळद दिसत नव्हती, पण कुंकू दिसत होतं. यापुढे या वस्तूला कोणाचाही पाय लागता कामा नये, असं मावशींनी जाहीर केलं, आणि जयवंतीबाईंनी मान डोलावली. पाय ठेवण्यासाठी आणलेली ती वस्तू आता घरातली अशी एकमेव जागा झाली की जिथे पाय ठेवता येत नव्हते. अनुष्काने शेवटचा फोटो काढला, कुंकवासकट. त्याला सगळ्यांत जास्त पसंती मिळाली.

त्याच संध्याकाळी कुशलचा फोन आला. “भाऊजी, आप्पांना डोळे दाखवायला शनिवारी विरारला आणतोय. तुमच्याकडे दोन तास बसतील म्हणाले. घर बघितलंच नाही त्यांनी नवीन झाल्यापासून.”

फोन ठेवून तळेकरांनी दिवस मोजले. आप्पा म्हणजे दयाराम. चौऱ्याऐंशी वर्षांचे. सहा वर्षांत या घरी आले नव्हते, कारण लिफ्ट बंद होती. ती याच महिन्यात सुरू झाली होती. एकतीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस शनिवारी येत होता, रविवारी पूजा होती आणि ऑटोमन तोवर केळ्यांनी भरलेला राहणार होता. म्हणजे सासऱ्यांसमोर आपण पुन्हा पाय लोंबकळत बसलेले दिसणार, आणि आप्पा पुन्हा आत हाक मारणार, या वेळी आपल्याच घरात, आपल्याच मुलीसमोर. हा विचार तळेकरांना सहन होईना.

त्यांनी दुसरा ऑटोमन मागवायचा प्रयत्न केला. तो सोमवारी येणार होता. मग आहे तोच बदलून, झाकण न उघडणारा द्या, अशी तक्रार मोबाइलवर नोंदवली. कारण निवडायचं होतं. ‘रंग वेगळा’, ‘तुटलेला’, ‘आता गरज नाही’, ‘इतर’. तळेकरांनी ‘इतर’ निवडून लिहिलं, ‘वस्तू अपेक्षेपेक्षा अधिक उपयोगी निघाल्यामुळे मालकास वापरता येत नाही.’ ताबडतोब उत्तर आलं, ‘आपण समाधानी आहात याचा आम्हाला आनंद आहे. कृपया पाच तारे द्या.’ तळेकरांनी एक दिला.

मग घरातल्या वस्तूंची परीक्षा सुरू झाली. तांदळाचा डबा गोल असल्यामुळे पायाखालून निसटला. न्हाणीघरातली बादली उपडी केली तर ती न्हाणीघरातली बादलीच दिसली. ग्लोरियाबाईंनी शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं लाकडी स्टूल देऊ केलं, पण ते इतकं उंच की त्यावर पाय ठेवल्यावर तळेकरांना समोरचा माणूस दोन अंगठ्यांमधून पाहावा लागे. अखेरीस त्यांनी ठरवलं की आपण बसायचंच नाही. सासरे दोन तास बसले तर आपण दोन तास उभं राहून आदरातिथ्य करायचं. पोटऱ्यांचं काय व्हायचं ते होवो.

शनिवारी चार वाजता दयाराम आले, कुशलच्या खांद्यावर हात ठेवून. डोळ्यांना काळा चष्मा, पांढरं धोतर, हातात एक केळफूल. तळेकरांनी त्यांना पाहिलं आणि ते क्षणभर गोंधळले. ओटीवर उभं राहून हाक मारणारा तो उंच माणूस कुठे गेला होता कोण जाणे. कंबर वाकली होती, खांदे आत आले होते. लेकीशी ते आपल्या वाडीच्या बोलीत हळू आवाजात काहीतरी बोलले. जावयाशी मात्र नेहमीप्रमाणे तलाठ्याशी बोलायच्या शुद्ध मराठीत, “कसे आहात, जावईबापू? प्रकृती ठीक?” एकतीस वर्षांत ही भाषा त्यांनी जावयासाठी कधी खाली उतरवली नव्हती.

घरात माणसं जमली होती. यमुनामावशी उद्याची केळी न्यायला टोपली घेऊन आल्या होत्या, विपुलभाई ठरावाची अंमलबजावणी बघायला, ग्लोरियाबाई उगाच. दयारामांना सोफ्यावर बसवलं. पाठीला आधार हवा म्हणून ते मागे टेकले, आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले.

तळेकर समोरच उभे होते. एकतीस वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य आपोआप जिभेवर आलं. अगं, आप्पांच्या पायाखाली काहीतरी द्या. वीस नाही पण सात माणसं हजर होती, आणि वाक्य बिनचूक बसणार होतं.

तेवढ्यात दयाराम हळूच पुढे सरकायला लागले. कोणाच्या लक्षात येऊ नये इतके सावकाश, एका हाताने गादी दाबत, अंगठ्याचं टोक जमिनीला लागतं का ते चाचपत. लागलं, पण पाठीचा आधार गेला आणि कमरेत कळ आली, ते त्यांच्या ओठांवर दिसलं. तरी ते काही झालं नाही असं दाखवत ताठ बसले. या हालचालीतला इंच न् इंच तळेकरांना पाठ होता. या घरात ती कसरत त्यांच्याशिवाय कोणी करत नव्हतं. जिभेवरचं वाक्य कुठे गेलं ते त्यांना कळलं नाही.

ते पुढे झाले, ऑटोमन दोन्ही हातांनी ओढला आणि सासऱ्यांच्या पायांशी आणून ठेवला.

“चंद्रहास,” यमुनामावशी म्हणाल्या, “काय ठरलंय आपलं?”

पण दयारामांनी पाय उचलले नव्हतेच. त्यांनी नाक वर केलं. काळ्या चष्म्याआड डोळे मिटले असावेत. “यात केळी आहेत,” ते म्हणाले. “वेलची. काल पिकायला हवी होती, आज पिकलीत. उघडा.”

जयवंतीबाईंनी झाकण उघडलं. दयारामांनी वाकून एक फणी हातात घेतली, देठ चिमटीत धरून पाहिलं, केळं सोललं, अर्धं खाल्लं. सगळे वाट पाहत होते. निर्मळमध्ये या माणसाने कोणाच्या केळ्यांना बरं म्हटल्याचं कोणाच्या स्मरणात नव्हतं.

“कोणी पिकवली?”

“आमच्या ह्यांच्या ऑटोमनमध्ये, आप्पा,” जयवंतीबाई म्हणाल्या.

“बरी पिकलीत,” दयाराम म्हणाले आणि उरलेलं अर्धं केळं त्यांनी जावयाच्या हातात दिलं.

तळेकरांनी ते उभ्या उभ्या खाल्लं.

मावशींनी टोपली भरून घेतली. ऑटोमन रिकामा झाला, झाकण लागलं. दयारामांनी मग दोन्ही पाय उचलून त्यावर ठेवले, पाठ मागे टेकली आणि लांब श्वास सोडला. यमुनामावशी काही बोलणार होत्या. दयारामांनी हात वर केला. “बाई, भरली पाटी डोक्यावर घ्यायची, रिकामी पाटी पायाखाली. साठ वर्षं वाडी केली, दुसरा नियम मला ठाऊक नाही. देव केळ्यात असतो, पाटीत नसतो.” मावशींनी थोडा विचार केला. वाडीवरच्या माणसाशी केळ्यांवरून वाद घालणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं. त्या टोपली उचलून विपुलभाईंच्या हातात देऊन निघाल्या. ग्लोरियाबाई म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं,” आणि त्याही गेल्या.

तळेकर अजून उभेच होते. आता पोटऱ्या ठणकायला लागल्या होत्या. शेवटी ते सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, कडेवर, टेकले. सवयीने पुढे सरकले. अंगठे जमिनीला लावले.

दयारामांनी चष्मा काढला. जावयाच्या पायांकडे बघितलं. तळेकरांना वाटलं, आता तो पाटीचा किस्सा येणार. कुशल आणि अनुष्काही त्याच तयारीत होते.

दयारामांनी आपले पाय ऑटोमनच्या एका कडेला घेतले. “सरक मागं,” ते म्हणाले. “ठेव पाय. जागा हाय.”

तळेकर मागे सरकले. पाय वर ठेवले. ऑटोमन काही दोघांसाठी केलेला नव्हता, त्यामुळे त्यांचा डावा पाय सासऱ्यांच्या पायाला लागला. त्यांनी घाईने वाकून नमस्कार केला. पुन्हा लागला, पुन्हा केला. तिसऱ्यांदा दयारामांनी त्यांचा हातच धरून ठेवला आणि म्हणाले, “किती वेळा करशील? बस गुमान.”

तळेकर बसले. जयवंतीबाईंनी चहा आणला, अनुष्काने ट्रे कुठे ठेवायचा ते शोधलं आणि शेवटी स्वतःच्या मांडीवर ठेवला. फोटो तिने काढला नाही. डॉक्टरांनी सांगितलेला पाऊण तास बऱ्याच दिवसांनी पुरा झाला, आणि त्यानंतरही बराच वेळ कोणी पाय खाली घेतले नाहीत.